रानातली इंग्रजी कबर ते तिकडच्या गावचं चर्च: माग कसा काढायचा

चिखलदरा, अचलपूर, कामठी या पट्ट्यात झुडपात एखादी जुनी इंग्रजी कबर दिसली की लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात अन् विषय संपतो. पण बरेचदा त्याच माणसाच्या नावाची पाटी इंग्लंडात त्याच्या गावच्या चर्चच्या भिंतीवर असते, देह इथं अन् पाटी तिथं, आपल्याकडं देवळाच्या पायरीवर नाव कोरतात ना तसंच. अन् ती घरबसल्या शोधता येते.

आधी दगड नीट वाचा. भर दुपारी जाऊच नका, ऊन डोक्यावर असलं की काही दिसत नाही, सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात जा, दगड सावलीत असला तर आरशानं बाजूनं उजेड पाडा, खोदलेल्या अक्षरात सावली भरते अन् मग वाचता येतं. तारेचा ब्रश, वॉशिंग पावडर, खडू काही लावू नका बाप्पा, साधं पाणी अन् मऊ ब्रश बस झालं. अक्षरात शिसं भरलेलं असलं तर ते बहुतेक गळून गेलेलं असतं, उरलेल्या बारीक भोकांवरून अक्षर जुळवावं लागतं. नाव, पलटण, तारीख, वय, बापाचं गाव, सगळं जसंच्या तसं उतरवा. ‘वयाच्या २४व्या वर्षात’ असं असलं तर २३ पूर्ण धरा.

मग रजिस्टर. इथल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, बंगाल, मद्रास, मुंबई असे भाग पाडून. कामठीची छावणी १८२१ची, तिथं मद्रासची फौज, म्हणून तिथला माणूस आधी मद्रासमध्ये पाहा, लोक उगाच मुंबईत शोधत बसतात. फिबिस म्हणजे ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या घराण्यांचा माग काढणारी संस्था, तिच्या साइटवर नाव फुकट शोधता येतं.

गाव कळलं की तिकडचा बाप्तिस्मा पाहा. तिथं चर्चची रजिस्टरं १५३८पासून ठेवायचा हुकूम होता, सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी पार १८३७ची. जुनी रजिस्टरं मात्र आता चर्चमध्ये क्वचितच असतात, काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, रेकॉर्ड ऑफिसला विचारा.

पाटीसाठी चर्चवॉर्डनला, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्याला, मेल टाका, कबरीचा फोटो जोडा, अन् चॅन्सेल म्हणजे पूर्वेकडचा वेदीचा भाग आधी पाहायला सांगा, जमीनदार अन् पाद्र्यांच्या घरच्या पाट्या बहुतेक तिथंच असतात. दोन्हीकडच्या तारखा ताडून पाहा, जुळल्या नाहीत तर इथल्या दफनाच्या नोंदीवर जास्त भरवसा ठेवा, पाटी बसेपर्यंत कधीकधी वर्षं जायची. कबर साध्या गोऱ्या शिपायाची असली तर पाटीची फार आशा धरू नका, ती बसवायला घरी पैसा लागायचा.