ख्रिस्ती धर्माबद्दल बोलताना आणि चर्चमध्ये जाताना या चुका टाळा

"तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?" विदर्भातल्या गावांत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. घोळ इथूनच सुरू होतो. कॅथलिक हे ख्रिस्तीच आहेत, आणि जगात सर्वांत मोठी शाखा त्यांचीच. विचारायचंच असेल तर "तुमचं चर्च कोणतं?" असं विचारा.

नाताळाच्या भाषणांत दुसरी चूक ठरलेली: ख्रिस्ती लोक तीन देव मानतात. नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण परमेश्वर एकच, ही त्यांची श्रद्धा; तिला त्रैक्य म्हणतात. दत्ताच्या तीन मुखांची उपमा इथे लागू पडत नाही. पाणी, बर्फ, वाफ हा दाखलाही फसतो, कारण तेच पाणी एकामागून एक रूपं घेतं. येशूच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षाविधीचा, प्रसंग बघा: पुत्र यार्देन नदीत उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आणि आकाशातून पित्याची वाणी. तिघंही एकाच वेळी. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, तो वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, एवढं कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट या तिन्ही मोठ्या शाखांना मान्य आहे. म्हणून मतभेद आधी सांगू नका, हे आधी सांगा.

शाखांचा क्रमही चुकतो. भारतातल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चची परंपरा इ. स. ४५१ च्या खाल्सेदोन इथल्या धर्मगुरूंच्या परिषदेनंतर वेगळी झालेली. ग्रीक, रशियन ऑर्थोडॉक्स आणि रोम (म्हणजे कॅथलिक) यांच्या फुटीचं वर्ष १०५४ धरतात. प्रोटेस्टंट चळवळ १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरपासून सुरू झाली. प्रोटेस्टंट हे एकच चर्च नव्हे. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, पेन्टेकॉस्टल असे अनेक गट आहेत. त्यातले काही एकत्रही आले: चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच झाली.

चंद्रपूर, गडचिरोली, वर्ध्याकडे आणखी एक गैरसमज आढळतो. तिथल्या चांदा धर्मप्रांताची उपासना केरळच्या सिरो-मलबार पद्धतीची, म्हणून लोक तिला ऑर्थोडॉक्स समजतात. ते कॅथलिक आहेत, पोपला मानतात; फक्त उपासनेची रीत पूर्वेकडची.

सर्वांत जास्त मन दुखावणारी चूक चर्चमध्ये होते, तीही भाबडेपणाने. लग्नाच्या मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, लोक रांगेने पुढे जातात, फादर प्रत्येकाला पातळ गोल भाकर देतात, आणि पाहुणे प्रसाद समजून रांगेत लागतात. कॅथलिक श्रद्धेनुसार ते अर्पण झाल्यावर ख्रिस्ताचं शरीरच असतं. बाप्तिस्मा झालेले कॅथलिकच ते घेतात. आपण जागेवर बसून राहा, कोणी वाईट मानत नाही. चुकून हातात आलंच तर खिशात ठेवू नका, घरच्या पोरांसाठी नेऊ नका. तिथल्या तिथे फादरांना परत द्या. प्रोटेस्टंट मंडळीत याला प्रभुभोजन म्हणतात. भाकरीचे तुकडे आणि लहान पेल्यांत द्राक्षरस फिरतो. तिथला अर्थ गटागणिक वेगळा, पण ताट समोर आलं तरी न घेता पुढे द्यायचं, एवढं लक्षात ठेवा. तिथे सेवा चालवणाऱ्यांना फादर म्हणू नका. पाळक किंवा पास्टर म्हणा.

गुड फ्रायडेला "हार्दिक शुभेच्छा" असा फलक किंवा मेसेज टाकू नका. तो येशूच्या मरणाचा दिवस, उपवासाचा आणि शोकाचा. शुभेच्छा ईस्टरच्या रविवारी द्या. तारीख दरवर्षी बदलते, २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येते. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. ऑर्थोडॉक्स चर्चची तारीख अनेकदा वेगळी असते, म्हणून त्यांना विचारूनच घ्या.

बायबल भेट देत असाल तर आधी घराची शाखा बघा. कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या ६६. फरक जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात. नव्या करारातली २७ दोघांची सारखीच.