संग्रहालयातल्या पुश ट्रॉलीची पावसाळ्याआधीची निगा

मुंबईत गंज पावसाची वाट बघत नाही, खारा वारा त्याला पुरतो. म्हणून मे महिन्यातच ट्रॉली (रुळांवरून माणसांनी ढकलायची रेल्वेची तपासणी गाडी) हातात घ्या. आधी गोड्या पाण्याच्या फडक्यानं मीठ पुसा, कोरडं करा. मग रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश. पितळी पाटी असेल तर तिला ब्रश लावाल तर खबरदार! अक्षरं गेली की गाडी निनावी. लाकडी बैठकीला रंग फासू नका (नव्या पोरांना भारी हौस), अळशीचं तेल पातळ चोळा.

चाकाचं इन्सुलेशन (वीज अडवणारा थर) नीट बघा. त्याच्यामुळेच ट्रॅक सर्किटला (रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणाऱ्या यंत्रणेला) ट्रॉली कळत नसे आणि सिग्नल उगाच लाल होत नसे. तिथे ग्रीस लागू देऊ नका. बेअरिंगला मात्र हात सैल सोडा. ब्रेक ढिला ठेवा, नाहीतर ठोकळा चाकाला चिकटतो.