बॅटरी पॅक जोडण्याआधी सेल वरच्या टोकाला, म्हणजे पूर्ण चार्जवर, बॅलन्स करा

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ३.३० व्होल्टवर सारखे दिसले म्हणजे ते सारखे भरलेत असं नाही. चार्जच्या मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जवळपास सपाट असतं. खरा फरक ३.४५च्या वर उघडा पडतो. साध्या बीएमएसचा (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा) बॅलन्स करंट बहुधा ५० ते १०० मिलिअँपिअर, त्यामुळे १० एएचची (अँपिअर-तासांची) तफावत भरायला शंभराहून जास्त तास लागतात.

१०० एएचचे चार सेल आधी बीएमएससह सिरीजमध्ये चार्ज करा. एखादा सेल ३.६५ला पोचून बीएमएस चार्जिंग तोडेल, तिथे थांबा. थेट पॅरलल जोडून १० अँपिअरने भरायला गेलात तर दीड दिवस सहज जातो.

मग बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) सुटे करून चारही पॅरलल जोडा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप हवीच. पॉवर सप्लाय सेलला लावण्याआधीच ३.६० व्होल्टवर सेट करा. जोडल्यावर आकडा खाली दिसतो म्हणून नॉब वाढवू नका, सेल फुगतात ते इथेच! मल्टीमीटर सेलच्या टर्मिनलवरच लावा, कारण बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. करंट २ अँपिअरखाली आला की सप्लाय काढा, रात्रभर लावून ठेवू नका.

हे आकडे फक्त एलएफपीचे.