जबड्याच्या सांध्याचे दुखणे: दाढ काढण्याआधी बोटांनी तपासा

कानापुढे दुखते म्हणून आलेला रुग्ण बहुधा दाढेकडेच बोट दाखवतो. परंतु थंड लावून व ठोकून पाहिल्यावर दाढ निर्दोष ठरली आणि एक्स-रेमध्येही काही आढळले नाही, तर ती काढण्याची घाई कृपया करू नये. कानापुढच्या सांध्यावर बोटे ठेवून तोंड उघडझाप करवावी, गालाचा व कानशिलाचा स्नायू दाबावा आणि ‘हेच का तुमचे नेहमीचे दुखणे?’ असे विचारावे. निम्मे निदान या उत्तरातच असते. तोंड 35 मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल, तर आपल्या खान्देशात सुपारी-गुटख्याची चौकशी अवश्य करावी आणि गालाच्या आत ताठर, दोरीसारखे पट्टे लागतात का, हे चाचपावे. नुसता ‘कट्‌’ आवाज येत असून वेदना नसेल, तर उपचार लागत नाही. वेदना असल्यास दोन आठवडे कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीऐवजी मऊ खिचडी, दिवसातून दोनदा ओला शेक, आणि ओठ मिटलेले असतानाही वरखालचे दात एकमेकांना न टेकवण्याची सवय, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. चावा जुळवण्यासाठी दात झिजवणे मात्र टाळावे, कारण ते पूर्ववत करता येत नाही. पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखू लागून चावताना जबडा थकत असेल, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह असू शकतो व त्यातून दृष्टीला धोका संभवतो. अशा रुग्णास त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवावे.