धरणाकाठी दोन दिवस : या चुका टाळा

मे महिन्यातला शनिवार होता, पवना धरणाचा काठ. बुकिंग करताना पाहिलेल्या फोटोत तंबूपासून दोन हातांवर पाणी होतं. प्रत्यक्षात ते चांगलं अर्धा किलोमीटर लांब गेलेलं. मधे सगळा तडकलेला गाळ. भाचा 'बीच, बीच' करत पळाला आणि वीस-पंचवीस पावलांवर गुडघ्यापर्यंत आत गेला. वर वाळलेली पापडी, खाली लोण्यासारखा चिखल. पाय निघाला, चप्पल तिथेच राहिली. कॅम्पवाल्याला जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, फोटो ऑक्टोबरचा आहे."

त्याचं काही चुकलं नव्हतं. महिना मीच विचारला नव्हता.

आपण वीकेंडला ज्यांना 'लेक' म्हणून जातो ते पवना, मुळशी, भंडारदरा, तापोळ्याचा शिवसागर, भिगवणची उजनी, हे सगळे धरणांचे फुगवटे (बॅकवॉटर) आहेत. समुद्राचा किनारा भरती-ओहोटीला थोडाफार मागेपुढे होतो. धरणाचा काठ वर्षभर सरकत असतो. पावसाळ्यात पाणी चढतं, ऑगस्ट-सप्टेंबरात काठोकाठ येतं, आणि मग शेतीची आवर्तनं (ठरावीक दिवस सोडलेलं पाणी), वीज, शहरांचं पिण्याचं पाणी असं करत जूनपर्यंत उतरत राहतं. म्हणून आधी ठिकाण ठरवून मग सुट्टी शोधायची, ही पहिली चूक. सुट्टी कोणत्या महिन्यात आहे ते बघा, मग पाणी कुठे असेल ते बघा आणि शेवटी जागा ठरवा.

पाण्याला लागून तंबू हवा असेल तर सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. त्यानंतर दर पंधरवड्याला काठ मागे जातो. धरण किती टक्के भरलंय ते जलसंपदा विभाग जाहीर करतो आणि जिल्ह्याच्या पेपरात पावसाळ्यात रोज छापून येतं. ते वाचतानाही एक गफलत होते. उजनी 'उणे वीस टक्के' अशी बातमी आली की लोकांना वाटतं धरण कोरडं पडलं आणि ते भिगवणची फेरी रद्द करतात. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या राखीव पाण्यात मोडतो. टक्केवारी फक्त वरच्या, उपयुक्त साठ्याची असते. उणे वीस टक्क्यांतही धरणात पन्नास टीएमसीच्या वर पाणी असतं. उलट रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना उथळ, चिखलाचं पाणीच लागतं. धरण तुडुंब असलं की ते उशिरा येतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी उतरून दलदल उघडी पडली की कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला होडीतून थवे दिसतात. पक्षी बघणाऱ्यांचा हंगाम आणि डुंबणाऱ्यांचा हंगाम एक नव्हे.

हाच घोळ भंडारदऱ्याला अंब्रेला फॉलपाशी होतो. धरणाच्या पायथ्याचा तो छत्रीसारखा धबधबा मोरीतून पाणी सोडलं तरच दिसतो. नोव्हेंबरात चार तास गाडी चालवून कोरडा खडक बघून परतलेली मंडळी मी पाहिली आहेत. निघायच्या आधी धरणाजवळच्या शेंडी गावातल्या कोणत्याही हॉटेलवाल्याला एक फोन करा, "आवर्तन चालू आहे का?" एवढं विचारलं की काम होतं. आवर्तन चालू असेल तर मात्र धरणाखाली प्रवरेच्या पात्रात मधल्या खडकावर बसून डबा उघडू नका. विसर्ग वाढला की पात्रातलं पाणी बघता बघता चढतं. भोंगा वाजला तर सामान तिथेच टाकून काठावर या.

पाण्यात उतरण्याबद्दल

इथे जरा थांबतो, कारण बाकीच्या चुकांनी पैसे आणि रविवार जातो, या चुकीने माणूस जातो.

समुद्राची वाळू हळूहळू खोल होत जाते, त्यामुळे कंबरभर पाण्यात उभं राहायची आपल्याला सवय असते. धरणाचा तळ म्हणजे बुडालेली शेतं. ताल, बांध, विहिरी, तोडलेल्या झाडांचे बुंधे, जुन्या नदीचा काठ, सगळं पाण्याखाली जसंच्या तसं आहे. दहा पावलं घोट्याएवढं पाणी आणि अकराव्या पावलाला तळच नाही, असं होतं, कारण अकरावं पाऊल एखाद्या खाचराच्या बांधावरून खाली पडलेलं असतं. पोहता येणारेही जातात. वरचा हातभर थर उन्हाने कोमट असतो आणि खाली एकदम गार पाणी लागतं, त्यात पाय चिखलात रुतले की दम सुटतो. बहुतेक काठांवर जीवरक्षक नसतो. गावातला माणूस "इथं नका उतरू" म्हणाला तर का म्हणून विचारत बसू नका. त्या जागेवर आधी काय झालंय ते त्याला ठाऊक असतं.

कोणी गटांगळ्या खायला लागलं तर पाठोपाठ उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा गेला, अशाच बातम्या दर उन्हाळ्यात असतात. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन लांब दोरी बांधून फेका. माणूस त्याला धरून तरंगू शकतो. दोरी नसेल तर एकमेकांना गाठ मारलेल्या ओढण्या चालतात, फक्त स्वतः काठावर आडवे पडून ओढा. तेवढ्यात दुसऱ्याने ११२ लावायचा आणि तिसऱ्याने होडीवाल्याला हाका मारायच्या.

होडीत बसताना जाकीट अंगात घातलं म्हणजे झालं असं नाही, पुढचे पट्टे लावायचे. न लावलेलं जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. एप्रिल-मेमध्ये फेरी सकाळीच उरका. दुपारनंतर वळवाचं आभाळ कधी येईल सांगता येत नाही. मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तो तर लोकांचा रोजचा जाण्यायेण्याचा मार्ग होता. पावसाळ्यात धरणाच्या वर, ओढ्याच्या प्रवाहात उभं राहणं त्याहून वाईट. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असलं तरी लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा यायला लागला की फोटो न काढता बाहेर या.

किलोमीटर मोजू नका

मॅपवर महाबळेश्वर ते तापोळा पाऊण-एक तास दिसतो. तो उतार, तो रस्ता आणि समोरून येणारी एसटी धरून दीड तास धरा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे ठाणे-मुंबईकरांना कसारा घाट टाळता येतो हे खरं, पण घोटीहून पुढे शेंडीपर्यंत तोच जुना रस्ता आहे आणि वेळ तिथेच जातो. दुचाकीवाल्यांना समृद्धीवर प्रवेश नाही, हे निघाल्यावर कळून उपयोग नाही. सहा जण असाल तर शुक्रवारी रात्री निघण्याचा हट्ट सोडा, शनिवारी पहाटे पाचला निघा. परतताना रविवारी जेवून लगेच सुटा. 'सूर्यास्त बघून निघू' म्हणणारे रात्री अकराला टोलनाक्यावर भेटतात.

काजव्यांचं तर वेगळंच. मे अखेर ते जूनचे पहिले दिवस, मोठा पाऊस बसायच्या आत, भंडारदऱ्याभोवती घाटघर, मुतखेल, रतनवाडीच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर ते लखलखतात. शनिवारी रात्री तिथे काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त असतात. रजा काढून मंगळवारी किंवा बुधवारी जा. गाडी गावात लावा, चालत जा, मोबाइलचा टॉर्च बंद. उजेडात काजवा विझतो, आणि तो विझतो ते जोडीदार शोधायचं सोडून.

वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर शिवसागराकाठच्या बामणोलीला सकाळीच पोहोचायला हवं. वनखात्याची परवानगी, होडी, मग जंगलातली चढण आणि संध्याकाळच्या आत परत. किल्ल्यावर मुक्काम करू देत नाहीत, पावसाळ्यात वाट बंद असते. कासची फुलं बघून जाता जाता वासोटा, असा एका दिवसाचा बेत कोणी मांडला तर त्याला नकाशा नाही, घड्याळ दाखवा.

लहान गावात शहराच्या घड्याळाने वागणं

शेंडीला एका खानावळीत आम्ही आठ जण दुपारी अडीचला जाऊन बसलो. मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आता आलात? सकाळी सांगितलं असतं तर आठ ताटं मांडून ठेवली असती. आता चूल विझलीय बाबा." मग पिठलं, नाचणीच्या भाकरी आणि ठेचा, तेही तासाभराने. लहान गावातल्या खानावळीत रोजच्या गिऱ्हाइकाच्या अंदाजाने शिजतं. पोहोचायच्या आधी फोन करून ताटं किती, शाकाहारी किती, मासे हवेत का, एवढं सांगा. आणि आठ सांगून पाच जाऊ नका. उरलेला भात त्यांच्या पदरचा असतो.

सुटे पैसे ठेवा. यूपीआय सगळीकडे आहे, रेंज सगळीकडे नाही. आमच्यातला एक जण रेंज शोधत टेकाडावर चढला आणि पैसे पाठवून पंधरा मिनिटांनी उतरला. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरा. आठवडे बाजार कोणत्या वारी असतो ते विचारा. भाजी, सुकट, गावरान अंडी हवी असतील तर त्याच दिवशी जा, गाडी पटकन बाहेर काढायची असेल तर तो दिवस टाळा. राजूरवरून जात असाल तर पेढे घ्या, ही चूक नाही.

तंबूच्या बुकिंगला पूर्ण पैसे आधी भरू नका. थोडा ॲडव्हान्स, बाकी पोहोचल्यावर. त्याआधी मालकाकडून काठाचा आजचा व्हिडिओ मागवा, ज्यात तो चालत तंबूपासून पाण्यापर्यंत जाईल. देणारा लगेच देतो. टाळाटाळ झाली तर समजा. रात्री साउंड सिस्टीम किती वाजता बंद होते, संडास किती लोकांत एक आहे आणि शेजारी दुसरा कॅम्प आहे का, हे तीन प्रश्न 'अनलिमिटेड बार्बेक्यू'पेक्षा महत्त्वाचे.

गाडी पाण्याजवळ नेण्याचा मोह आवरा. उघड्या पडलेल्या जमिनीवर गावकरी गाळपेर करतात; तुम्हाला जी मोकळी माती दिसते तिथे कुणाचा हरभरा किंवा काकडी उगवत असते. शिवाय गाळात चाक रुतलं की ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक फक्त खड्डा खोदतं. सगळे उतरा, टायरमधली थोडी हवा काढा, चाकाखाली फूटमॅट किंवा पेंढा सारा आणि पहिल्या गिअरला सावकाश घ्या. तरी नाही निघाली तर ट्रॅक्टरवाल्याला बोलवा आणि तो सांगेल ते पैसे द्या. त्या दिवशी घासाघीस करायची नसते.

आणि मे महिन्यात चुकून गेलातच, पाणी लांब गेलेलं दिसलं, तर चिडून परत फिरू नका. त्याच दिवसांत पवनेच्या पात्रातलं वाघेश्वराचं देऊळ आणि उजनीतलं पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर येतं. कडेने, गावकऱ्यांच्या मळलेल्या वाटेने, उन्हं उतरताना जा. पवनेला भाचा त्या दिवशी एका पायात चप्पल घालून देवळापर्यंत आला आणि दगडांच्या सांध्यांतले वाळलेले शंख नखाने काढत बसला. पुढच्या महिन्याच्या शेवटी गेलो असतो तर तिथे पाऊस असता, आणि त्यानंतर काही आठवड्यांत नुसतं पाणी.