शालेय पोषण आहार शिजवताना या चुका टाळा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली, तरी बहुतेक राज्यांत शाळेत चूल पेटलीच नाही. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य मिळे आणि ते घरच्या डब्यात मिसळून जाई. शाळेतच शिजवलेले जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. इतक्या प्रयत्नांनी मुलाच्या ताटापर्यंत आलेला घास आपल्या हलगर्जीपणाने कमी पडू नये.

खिचडी पांढुरकी दिसत असेल आणि डाळ तळाशी शोधावी लागत असेल, तर दोष बहुधा मापात असतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे ६० मुलांसाठी ६ किलो तांदूळ आणि १ किलो २०० ग्रॅम डाळ हवी. सहावी ते आठवीला हेच प्रमाण दीडपट होते. दोन्ही गटांची हजेरी एकत्र धरून लहानांचेच माप लावले, तर मोठ्या मुलांचा वाटा कापला जातो. ओंजळीने डाळ घेऊ नका, काटा वापरा.

साठवणुकीतील चूक मात्र जिवावर बेतते. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली; अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. त्यामुळे फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतलेला असला, तरी तो स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. तेलाला वेगळा वास येतो असे स्वयंपाकी ताईंनी सांगितले, तर ते तेल त्याच क्षणी बाजूला ठेवा. त्या रोज चुलीपुढे असतात, त्यांचे नाक आपल्यापेक्षा तयार असते.

चव नोंदवहीत आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम करण्याची सवयही मोडायला हवी. वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखायचे असते आणि सही त्यानंतर करायची असते.

गॅस संपला किंवा तांदूळ आला नाही म्हणून जेवण बुडाले, तर तो दिवस सोडून देऊ नका. २०१५ च्या नियमांनुसार अशा दिवसासाठी मुलाला धान्य आणि पैशांच्या रूपात अन्नसुरक्षा भत्ता देय असतो; त्यासाठी कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने जेवण शिजले नाही, हे त्याच दिवशी लिहून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा.