फॉर्च्युनरच्या पैशात रेंज रोव्हर? जुनी लक्झरी एसयूव्ही घेताना या चुका टाळा

"दादा, फॉर्च्युनरच्या पैशात रेंज रोव्हर मिळतेय!" असा फोन मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो. कधी मित्राचा, कधी मेव्हण्याचा, कधी सोसायटीतल्या कुणाचा. गाडी पांढरीच असते, "डॉक्टरांची, सिंगल हँड" असते आणि मालक हमखास परदेशी निघालेला असतो. मी एवढंच विचारतो, "दुरुस्त कोण करणार?" पलीकडे जरा वेळ शांतता.

या गाड्यांचे भाव इतके का कोसळतात, यात गूढ काही नाही. बऱ्याचशा अख्ख्या आयात झालेल्या, जबर आयात शुल्क भरून आलेल्या. पहिल्या मालकाने गाडीइतकेच पैसे सरकारला दिलेले असतात आणि ते पैसे दुसरा मालक देत नाही. वॉरंटी संपली की भाव आणखी एक पायरी उतरतो. पार्ट्सचं मात्र तसं नसतं. समजा, ऐंशी लाखांची गाडी तुम्ही पंधराला घेतलीत. तिचा टर्बो, हेडलाइट आणि एअर सस्पेन्शनचा (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा) कॉम्प्रेसर तरीही ऐंशी लाखांच्या गाडीचाच असतो. म्हणून गाडी पंधराची असेल तर किमान तीन लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, असं मी सांगतो. ते नसतील तर गाडी बघायलाही जाऊ नका. बघितली की आवडतेच.

मिस्त्री नंतर शोधू, ही चूक

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. शहरातली चार गॅरेजं फिरा आणि विचारा: या मॉडेलसाठी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचणारं यंत्र, आहे का? साधा कोड वाचणारा नव्हे. सस्पेन्शनची उंची कॅलिब्रेट करता येईल, गिअरबॉक्सशी बोलता येईल असा. मागच्या सहा महिन्यांत यातली एखादी गाडी उघडलीत का? दोन गॅरेजं "हो" म्हणाली तर पुढे जा. कोल्हापूर, नाशिक, नागपूरला राहत असाल तर गाडी बंद पडल्यावर फ्लॅटबेडवर पुण्या-मुंबईला न्यायचा खर्चही हिशेबात धरा.

हे इतकं ताणून का सांगतो? कारण या गाड्यांत पार्टपेक्षा मजुरी भारी असते. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ आणि ४ च्या व्ही-६ डिझेलचा टर्बो बदलायचा तर अनेक गॅरेजवाले अख्खी बॉडी चॅसीवरून वर उचलून घेतात. खाली इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं. वर लिफ्टवर सीटांसकट लटकलेली गाडी. हे दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्या मालकाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. याच इंजिनांना पुढच्या टायमिंग बेल्टशिवाय मागच्या बाजूला डिझेल पंपाचा वेगळा बेल्ट असतो. पुढचा बदलल्याचं बिल मालक अभिमानाने दाखवतो, मागच्याचं विचारा. क्रँकशाफ्ट तुटण्याबद्दलही हे इंजिन बदनाम आहे आणि ते आधी ओळखायची खात्रीची चाचणी नाही. त्यामुळे ऑइल वेळेवर बदलल्याची बिलं हाच काय तो आधार. आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यापेक्षा लांबवलेलं मला चालत नाही.

मर्सिडीजच्या एमएल आणि जीएलमधल्या तीन लिटरच्या व्ही-६ डिझेलची कथा अशीच. ऑइल कूलर इंजिनाच्या 'व्ही'च्या खाचेत तळाशी बसवलेला. त्याचे रबरी सील किरकोळ किमतीचे, पण वय झालं की गळतात आणि तिथवर हात पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी ऑइलचा ओघळ दिसला की "जरा सील गेलंय, हजार रुपयांचं काम" असं विकणारा म्हणतो. सील हजाराचं असेलही हो. हात मिळवण्याआधी मजुरीचा आकडा मिस्त्रीकडून घ्या.

याउलट टोयोटा प्राडो. आपल्याकडे आलेल्या १५० सिरीजच्या प्राडोमध्ये तीन लिटरचं जे डिझेल इंजिन होतं, तेच पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरमध्ये. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा ते ओळखतो. म्हणूनच जुनी प्राडो स्वस्त मिळत नाही.

गरम गाडी बघणं

मागच्या हिवाळ्यात आतेभावाबरोबर बाणेरला एक गाडी बघायला गेलो. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, एअर सस्पेन्शनवाली होती एवढं पुरे. वेळ आठची ठरली होती, आम्ही साडेसातलाच पोचलो. बॉनेटवर हात ठेवला तर चांगलं तापलेलं. "तुमच्यासाठी धुऊन आणली," मालक म्हणाले. गाडी चकचकीत, चारही बाजूंनी समतल, इंजिनाचा आवाज लोण्यासारखा. आतेभाऊ तिथेच टोकन द्यायला निघाला होता.

मी म्हटलं, उद्या याच वेळेला येतो, गाडी रात्रभर चालू करू नका. मालकांचा चेहरा पडला, पण नाही म्हणता येईना. जाण्याआधी शिंप्याच्या टेपने चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून मोबाइलमध्ये लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुढचा उजवा कोपरा चाळीस मिलिमीटर खाली. किल्ली फिरवल्यावर कॉम्प्रेसर घरघरत राहिला आणि गाडी वर यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात चहा मागवता आला असता.

यातलं कारण समजून घेतलं तर पैसे वाचतात. हवेची फुगी वयाने चिरते, हवा झिरपते. उंची राखायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि शेवटी जळतो. विकणारा नवा कॉम्प्रेसर टाकून गाडी उभी करतो, गळती मात्र तशीच. तेव्हा "कॉम्प्रेसर नवाच टाकलाय" हे वाक्य ऐकलं की आनंदण्याऐवजी विचारा, का टाकावा लागला? फुग्या आणि नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे खरं काय ते सांगतात. एक बारकी गोष्ट: लँड रोव्हरसारख्या काही गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून जाग्या होऊन स्वतःला समतल करतात. त्यामुळे एका कोपऱ्याची गळती चारही कोपरे सारखे खाली बसल्यासारखी दिसते. समतल आहे म्हणून हुश्श करू नका, आदल्या दिवशीच्या आकड्याशी ताडून बघा.

थंड इंजिन चालू करताना एकाने मागे उभं राहावं. पहिले दोन-तीन सेकंद साखळीसारखी खडखड झाली तर टायमिंग चेनचा संशय. पाच लिटरच्या व्ही-८ पेट्रोल रेंज रोव्हरच्या आधीच्या गाड्या आणि दोन लिटरची डिझेल इंजिनं यासाठी ओळखली जातात. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट कुठे जातंय ते शोधा. पोर्शे कायेनच्या सुरुवातीच्या व्ही-८ मध्ये कूलंटचे प्लॅस्टिक पाइप ठिसूळ होऊन फुटायचे. ते धातूचे बदललेत का, हा पहिला प्रश्न.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांबद्दल दोन उलट्या चुका

एक म्हणजे दिवा नाही म्हणून निर्धास्त होणं. कोड पुसून टाकायला पाच मिनिटं लागतात. स्कॅनर लावून बघा. सगळं अगदी कालच पुसलेलं दिसलं तर पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा लावा. त्याच वेळी किलोमीटरचाही हिशेब होतो. काटा मागे फिरवणारा बहुतेक डॅशबोर्डवरचाच फिरवतो, पण किलोमीटरची नोंद इतर मॉड्यूलमध्येही, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्येही, असते. आकडे जुळले नाहीत तर नमस्कार करून निघा.

दुसरी चूक म्हणजे दिव्यांची दिवाळी बघून पळून जाणं. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी अशक्त झाली की सस्पेन्शन, ब्रेक, गिअरबॉक्स सगळे एकदम तक्रार करतात. चांगली बॅटरी लावून बघितल्यावर निम्मे दिवे गेले, असं मी स्वतः पाहिलंय. अशा वेळी भाव मात्र दिवे लागलेल्या गाडीचाच करा.

"दहा वर्षांत फक्त तीस हजार किलोमीटर" याचंही मला फारसं कौतुक नाही. उभ्या गाडीचं रबर वाळतं, आणि नव्या बीएस-६ डिझेलच्या फक्त शहरात चाललेल्या गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. वर्षाला दहा-बारा हजार, नियमित, बिलांसकट चाललेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण खुशीने घेईन.

'फोर बाय फोर' म्हणजे लो रेंज, असं धरून चालणं

ताम्हिणीतल्या चिखलात किंवा लडाखला न्यायची म्हणून लोक गाडी घेतात, आणि घरी आणल्यावर कळतं की लो रेंजचं, म्हणजे हळू वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरचं, बटणच नाही. ईव्होक आणि डिस्कव्हरी स्पोर्टला लो रेंज येतच नाही. डिस्कव्हरी ४ च्या २०१४ नंतरच्या काही गाड्यांनाही एकाच गतीचा ट्रान्सफर बॉक्स (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आहे, म्हणजे लो रेंज नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. कन्सोलवर डोंगराच्या खुणेचं बटण आहे का बघा. असेल तर गाडी उभी करून, न्यूट्रलला टाकून लावून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेली मोटर अडकते.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असं असेल तर चाकांचा घेर बदलतो, ट्रान्सफर बॉक्स सतत ताणाखाली राहतो आणि हळू वळताना गाडी अडखळल्यासारखी होते. २१-२२ इंची रिमवरच्या टायरचा भाव दुकानात फोन करून आधीच विचारून ठेवा.

माती, खार आणि पुराचं पाणी

खाली ओरखडे असणं वाईट नाही. ऑफ-रोडसाठी केलेली गाडी खडकाला घासणारच. मला भीती वाटते ती कोकणातल्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत फिरवलेल्या गाडीची. प्रत्येक लाँग वीकेंडला एखादी तरी एसयूव्ही भरतीच्या पाण्यात रुतते आणि ट्रॅक्टर लावून काढतात. सहा महिन्यांनी ती "फक्त हायवे रनिंग" म्हणून विकायला येते. लिफ्टवर घेऊन ब्रेकच्या नळ्या, नट-बोल्ट आणि अॅल्युमिनियमवरची पांढरी भुकटी बघा.

पुराची गाडी याहून वाईट. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत, २०२१ ला चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या, आपण पाहिलंय. "अहो, हिची वेडिंग डेप्थ सातशे मिलिमीटर आहे," म्हणजे एवढ्या खोल पाण्यातून ती जाते, असं ऐकवतात. डिस्कव्हरी ४ साठी आकडा खरा आहे. पण तो हळू चालत पाणी ओलांडण्यासाठी, दोन दिवस पाण्यात उभं राहण्यासाठी नव्हे. वायरिंग आणि कितीतरी मॉड्यूल सीटखाली, कार्पेटखाली असतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा: टोकाला मातीची रेघ दिसते. सीटचे रूळ गंजलेत का पाहा. कोपऱ्यातलं कार्पेट उचलून वास घ्या. नुसती ओल असेल तर कदाचित सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्यात, ते काम छोटं आहे. चिखलाचा वास आला तर चर्चा संपली.

दिल्ली पासिंगचा मोह

२०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून नऊ वर्षांच्या चकाचक डिझेल एसयूव्ही तिथून स्वस्तात देशभर जायला लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने फक्त वयावरून सक्तीची कारवाई नको असं सांगितलं, डिसेंबरमध्ये ही मुभा बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली, तरी हा बाजार अजून आहेच. गाडी चांगली असूही शकते. चूक होते ती हिशेबात. बाहेरची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला एकरकमी कर भरावा लागतो. वीस लाखांवरच्या डिझेलला दर १५ टक्के, आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के. तो तुम्ही मोजलेल्या किमतीवर नाही, तर मूळ किमतीवर, वयाची सूट वजा करून लागतो. एजंट हा आकडा शेवटी सांगतो.

कागदांत मला तीन गोष्टी लागतात. मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. आणि चॅसी नंबर मी स्वतः गाडीवर वाचून आरसीशी ताडतो. थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन गाडी सोडू नका; अर्ज दाखल झाल्याची पावती हातात आली की उरलेले पैसे. विमाही आधीच विचारा. साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान धरत नाहीत आणि जुन्या गाडीला झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) बहुतेक कंपन्या देत नाहीत.

आतेभावाने बाणेरच्या गाडीचे मालकांना दोन लाख कमी सांगितले. त्यांनी ऐकलं नाही. आठ महिन्यांनी त्याने एक प्राडो घेतली, मनात होतं त्यापेक्षा जास्त पैसे देऊन. या वेळी टोकन देताना पावतीवर एक ओळ मात्र आमच्या मिस्त्रीने लिहून घ्यायला लावली: "रात्रभर थंड ठेवलेल्या गाडीची लिफ्टवर तपासणी आणि स्कॅन समाधानकारक नसल्यास रक्कम पूर्ण परत." मालकांनी न कुरकुरता सही केली, आणि खरं सांगायचं तर गाडी घ्यायची हे आम्ही त्या सहीवरच ठरवलं होतं.